काळी भुकटी आणि न दिसणारा तडा: विमानाच्या सांध्यांतल्या फ्रेटिंगची तोंडओळख

फटीग म्हणजे भार पुन्हा पुन्हा आल्याने धातू थकून तडकणं. त्याच्या चाचणीच्या यंत्रावर नवीन असणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. नमुना मध्यभागी मुद्दाम बारीक केलेला असतो, कारण तो तिथेच तुटायला हवा असतो. पण तो तुटतो पकडीत. माझाही पहिला नमुना तसाच गेला. मला वाटलं, पकड वाकडी बसवली असणार. पुन्हा नीट बसवली, तर दुसराही तिथेच तुटला. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा पकडीच्या जबड्याची कड जिथे टेकत होती, तिथे बारीक काळपट रेघ दिसली. तडा बरोबर त्या रेघेतून निघाला होता.

ही गोष्ट नवी नाही. १९११ मध्ये ईडन, रोझ आणि कनिंगहॅम यांनी पोलादाच्या फटीग चाचण्या करताना पकडीपाशी तपकिरी भुकटी जमते, अशी नोंद केली होती. पुढे १९२७ मध्ये टॉमलिन्सनने खास यंत्रं बांधून दाखवलं की दोन पृष्ठं एकमेकांवर जरा तरी सरकल्याशिवाय हे नुकसान होत नाही. नुसत्या दाबाने भुकटी पडत नाही.

या प्रकाराला फ्रेटिंग म्हणतात. त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खाणे, कुरतडणे. उंदराने दोरी कुरतडावी तसं. मराठीत मला ‘घसट’ हा शब्द जास्त आवडतो. घसट म्हणजे घासणं, आणि घसट म्हणजे सलगीही. दोन पत्रे एकमेकांना घट्ट चिकटून असतात, वेगळे होत नाहीत, आणि त्या जवळिकीतूनच एकमेकांना पोखरतात. कामाच्या ठिकाणी मात्र सगळे फ्रेटिंगच म्हणतात, म्हणून पुढे मी दोन्ही शब्द वापरेन.

हा लेख विमानाच्या देखभालीत, तपासणीत किंवा स्ट्रक्चरच्या कामात नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: विमानावर प्रत्यक्ष काही घासणं, कापणं, बदलणं हे त्या विमानाच्या स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलनुसार आणि अधिकार असलेल्या माणसाच्या सहीनेच होतं. इथे डोळा आणि डोकं तयार करायचं आहे.

पायरी १: हालचाल किती, ते स्वतः काढून बघा

‘रिव्हेट मारलेला पत्रा हलतो कसा?’ हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. उत्तर कागदावर पाच मिनिटांत मिळतं.

मध्यम आकाराचं प्रवासी विमान धरा. फ्यूजलाजची, म्हणजे विमानाच्या धडाची, त्रिज्या साधारण १.९ मीटर, पत्र्याची जाडी १ मिलिमीटर, आणि उंचीवर केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ५५ किलोपास्कल जास्त. गोल नळकांड्याच्या साध्या सूत्राने परिघाच्या दिशेचा ताण म्हणजे दाब गुणिले त्रिज्या भागिले जाडी. आकडे घातले की १०० मेगापास्कलच्या जरा वर उत्तर येतं. फ्रेम आणि स्ट्रिंगर, म्हणजे पत्र्याला आतून आधार देणारा सांगाडा, काही भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी असतो. पण अंदाजाला पुरे.

आता ॲल्युमिनियमचा यंग मॉड्युलस (ताणताना धातू किती ताठ राहतो त्याचं माप) सुमारे ७० गिगापास्कल. १०० ला ७०,००० ने भागलं की स्ट्रेन, म्हणजे लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ, येतो ०.००१४. म्हणजे १० मिलिमीटर लांबीचा तुकडा १४ मायक्रोमीटरने लांबतो. सांध्यात एका पत्र्यातला भार दुसऱ्यात जातो, म्हणून एकाच जागी दोन पत्रे सारखे ताणलेले नसतात. एक जास्त लांबतो, एक कमी. त्या फरकाइतकी सरक दोघांच्या मध्ये कुठेतरी व्हावीच लागते.

माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. आपण बोलतोय त्याच्या पाचव्या हिश्श्याबद्दल, आणि बहुतेक वेळा त्याहूनही कमी. ही सरक डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि रिव्हेट कितीही चांगला बसवला तरी पुरती जात नाही. दर उड्डाणाला केबिन एकदा फुगते आणि एकदा बसते, त्यावर वाऱ्याचे हेलकावे आणि इंजिनाचे कंप वेगळे. फ्रेटिंगला हलायला निमित्त भरपूर आहेत.

पायरी २: ‘किती हलतं’ यापेक्षा ‘कसं हलतं’ ते ओळखा

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवख्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते.

काचेच्या पेल्यावर अंगठा दाबून ठेवा आणि पलीकडून, काचेतून अंगठ्याकडे बघा. आता अंगठा बाजूला ढकलायला लागा, पण अगदी हळू. आधी काहीच सरकत नाही. मग कडेची कातडी सरकते, मधला भाग मात्र काचेला चिकटूनच राहतो. जोर वाढवला की चिकटलेला भाग आकसत जातो, आणि शेवटी अख्खा अंगठा घसरतो.

धातूच्या दोन पृष्ठांचंही हेच होतं. मधोमध दाब जास्त असतो, तिथे घर्षण धरून ठेवतं. कडेला दाब कमी, तिथे सरक सुरू होते. याचं गणित कात्तानेओने १९३८ मध्ये आणि मिंडलिनने स्वतंत्रपणे १९४९ मध्ये मांडलं. सपाट पृष्ठावर टेकलेल्या लांब दंडगोलासाठी ते फार सुटसुटीत आहे: आडवा जोर हा घसरण्याच्या मर्यादेच्या कितव्या हिश्श्याइतका आहे ते काढा, तो हिस्सा १ मधून वजा करा आणि वर्गमूळ घ्या. टेकलेल्या रुंदीचा किती भाग चिकटून आहे, ते मिळतं. जोर मर्यादेच्या तीन-चतुर्थांश असेल तर ०.२५ चं वर्गमूळ ०.५, म्हणजे मधली अर्धी रुंदी चिकटलेली आणि दोन्ही कडांचा भाग सरकणारा.

यावरून तीन अवस्था ठरतात. सगळं चिकटलेलं. मध्य चिकटलेला आणि कडा सरकणाऱ्या, म्हणजे अर्धवट सरक. आणि सगळंच घसरणारं, म्हणजे पूर्ण सरक. १९८८ मध्ये विंग्सबो आणि सोडरबर्ग यांनी या अवस्थांचे नकाशेच मांडले. त्यातून दिसलेली गोष्ट पहिल्यांदा ऐकली की पटत नाही. झीज पूर्ण सरकेत सर्वांत जास्त होते, पण फटीगचं आयुष्य अर्धवट सरकेत सर्वांत कमी असतं.

असं का? पूर्ण सरकेत पृष्ठभागाचा थर इतक्या वेगाने झिजतो की नुकतेच जन्मलेले तडे त्या थरासोबतच निघून जातात. झीज तड्याला खाऊन टाकते. अर्धवट सरकेत झीज थोडी, पण चिकटलेला भाग आणि सरकणारा भाग यांच्या सीमेवर आणि टेकलेल्या कडेवर ताण एकवटतो. तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो, आणि तड्याला वाढायला निवांत वेळ मिळतो.

म्हणून ‘इथे खूप भुकटी आहे, म्हणजे इथे खूप धोका आहे’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका. खूप भुकटी म्हणजे खूप झीज. धोका कदाचित शेजारच्या, बऱ्यापैकी स्वच्छ दिसणाऱ्या रिव्हेटपाशी असेल. अर्थात भुकटी दुर्लक्षून चालत नाही. ती सांगते की इथे काहीतरी हलतंय. काय बिघडलंय, ते ती सांगत नाही.

पायरी ३: तडा जन्मतो कसा, ते समजून घ्या

ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम यांच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा असतो. घसटीने तो फुटतो. आतला उघडा धातू समोरच्या उघड्या धातूला जागोजागी अक्षरशः चिकटतो, पुढच्या फेरीत ते सांधे तुटतात, तुटलेले कण हवेत ऑक्साइड होतात. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा कितीतरी कठीण असतो. तो दोन पृष्ठांत अडकला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. बाहेर पडायला वाट नसली तर दाब वाढवतो.

या सगळ्यात घर्षण वाढत जातं. सुरुवातीला ०.२ च्या आसपास असलेला घर्षणांक कोरड्या ॲल्युमिनियममध्ये बघता बघता ०.६ च्या पुढे जाऊ शकतो. घर्षण वाढलं की कडेवरचा ओढ लावणारा ताण वाढतो. बाहेरचा भार तोच, विमान तेच, पण त्या रेघेवर धातूला आता कैकपट जास्त सोसावं लागतं. एक नाही, अनेक बारीक तडे शेजारी शेजारी फुटतात. सुरुवातीला ते पृष्ठाशी तिरके आत शिरतात, कारण तिथे घर्षणाचा आडवा जोर राज्य करतो. थोडं खोल गेल्यावर तो जोर ओसरतो, मग त्यातला एखादा तडा वळून मुख्य ताणाला काटकोनात जायला लागतो. तुटलेल्या तुकड्यावर सुरुवातीचा हा तिरका ओठ दिसला की फ्रेटिंगचा संशय पक्का धरायचा.

एक दिलासा देणारी बाबही आहे. टेकण्याचा ताण पृष्ठावर प्रचंड असला तरी मिलिमीटरच्या अंशभर खोलीतच झपाट्याने उतरतो. त्यामुळे पुष्कळ तडे जन्मतात आणि थोडं आत जाऊन थांबतात. पत्र्यातला एकूण ताण कमी असेल तर ते तिथेच आयुष्यभर पडून राहतात. जास्त असेल तर निघतात पुढे. फ्रेटिंगमध्ये तडा लवकर जन्मतो. आयुष्य ठरतं ते तो पुढे जातो की अडतो यावर.

एक जुनी तुलना मला विद्यार्थ्यांना सांगायला आवडते. १९४१ मध्ये वॉर्लो-डेव्हिस यांनी नमुने आधी घासून घेतले आणि मग, घसट थांबवून, फटीग चाचणी केली. ताकद १३ ते १७ टक्क्यांनी उतरली. म्हटलं तर फार नाही. १९५३ मध्ये मॅकडॉवेलने घसट आणि फटीग एकाच वेळी चालू ठेवले. ताकद निम्म्यावर, आणि काही वेळा पाचव्या हिश्श्यापर्यंत आली. म्हणजे पृष्ठावर पडलेले ओरखडे हा प्रश्नाचा लहान भाग. खरं नुकसान दोघे मिळून करतात तेव्हा होतं. देखभालीच्या भाषेत सांगायचं तर डाग पॉलिश करून काढला आणि हालचाल तशीच ठेवली, तर मूळ दुखणं जागच्या जागीच राहिलं.

पायरी ४: कुठे बघायचं आणि काय बघायचं

पत्र्यांचे लॅप जॉइंट (एकावर एक चढवून जोडलेल्या कडा), बोल्टने जोडलेल्या फिटिंग, पिन आणि लग (पिनेसाठी भोक असलेला कान), आणि इंजिनात पंख्याच्या पात्याचं डव्हटेल मूळ, म्हणजे खाचेत अडकणारं, खाली रुंद होत जाणारं बूड. जिथे दोन तुकडे दाबून धरले आहेत आणि भार एकातून दुसऱ्यात जातो, ती प्रत्येक जागा संशयित. लगकडे विशेष लक्ष द्या. पिन आणि भोक यांच्यात सरक होणारच असते, त्यामुळे लगची फटीग ताकद नुसत्या भोक पाडलेल्या पट्टीपेक्षाही बरीच कमी भरते.

भुकटीचा रंग धातू सांगतो. पोलादाची भुकटी लालसर तपकिरी, कोकोसारखी. ॲल्युमिनियमची काळी. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइड पांढरा असतो, म्हणून नवखे या काळ्या रंगाने गोंधळतात. पण इथे कण फार बारीक असतात आणि त्यांत धातूचेही कण मिसळलेले असतात. ओल, तेल किंवा इंधन मिसळलं की काळपट राखाडी चिखल होतो.

बाहेरच्या पत्र्यावर याचं सर्वांत ओळखीचं रूप म्हणजे ‘धूर ओकणारा’ रिव्हेट. रिव्हेटच्या डोक्याभोवती काळं कडं, आणि त्यातून हवेच्या प्रवाहाच्या दिशेने मागे गेलेली काजळीसारखी शेपटी. खरी काजळीही विमानावर असतेच, मग फरक कसा करायचा? एक्झॉस्टची काजळी रिव्हेट आणि मधला पत्रा असा भेद करत नाही, सगळीकडे बसते. फ्रेटिंगची शेपटी डोक्याच्या कडेपासूनच निघते आणि एका रिव्हेटला असते, शेजारच्याला नसते. तरी शंका राहिली तर पुसा, तारीख लिहा आणि काही उड्डाणांनी पुन्हा बघा. काजळी सावकाश, सगळीकडे परत येते. धूर ओकणारा रिव्हेट त्याच जागी पुन्हा ओकतो.

पण पुसण्याआधी फोटो काढा. हे मी ओरडून सांगतो, कारण नवखा माणूस कापड हातात घेऊनच येतो. भुकटी कुठल्या बाजूला जास्त आहे, शेपटी किती लांब आहे, कडं पूर्ण आहे की अर्धं, यावरून हालचालीची दिशा कळते. एकदा पुसलं की ती माहिती गेली.

पायरी ५: तडा शोधा, पण फक्त भोकाच्या कडेला नाही

शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं की भोकाच्या कडेला ताण एकवटतो, म्हणून तडा तिथून निघतो. बहुतेकदा खरंही असतं. पण फास्टनर (रिव्हेट किंवा बोल्ट) चांगला आवळलेला असेल तेव्हा बराचसा भार घर्षणानेच दुसऱ्या पत्र्यात जातो आणि भोकाच्या कडेवरचा ताण हलका होतो. मग कमकुवत जागा सरकते. तडा भोकापासून काही मिलिमीटर दूर, दाबलेल्या वर्तुळाची कड जिथे संपते तिथे, दोन पत्र्यांच्या आतल्या तोंडावर निघतो. भोकात घातलेला प्रोब ‘सगळं ठीक’ म्हणतो आणि तडा शेजारून वाढत असतो. मॅन्युअलमध्ये तपासणीचं क्षेत्र भोकाच्या पलीकडेही आखलेलं दिसलं, तर ते कुणी उगाच वाढवलंय असं समजू नका.

दुसरी अडचण ही की तो तडा आतल्या तोंडावर असतो. बाहेरून भिंग लावून काही दिसत नाही. एडी करंटने, म्हणजे धातूत विजेचे भोवरे उठवून, शोधायचं तर फ्रीक्वेन्सीचं भान हवं: जास्त फ्रीक्वेन्सी वरच्या पृष्ठापुरतीच बघते, कमी फ्रीक्वेन्सी खोल जाते पण बारीक तडे तिला निसटतात. दुसऱ्या थरातला तडा शोधताना ही देवाणघेवाण टळत नाही.

सांधा उघडलाच असेल तर डाय पेनेट्रंट (तड्यात शिरून तो दाखवणारा रंग) वापरायचा मोह होतो. चालतं, पण फ्रेटिंगच्या तड्यात ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. रंग आत शिरतच नाही आणि तडा निर्दोष म्हणून सुटतो. म्हणून आधी ठरवून दिलेल्या रासायनिक पद्धतीने सफाई करावी. सँडपेपरने किंवा वायर ब्रशने कधीही नाही. मऊ ॲल्युमिनियम घासलं की तड्याच्या तोंडावर पसरतं आणि त्याला वरून झाकण बसतं. शोधायला गेलात त्यालाच तुम्ही लपवलंत.

डव्हटेलच्या बाबतीत तपासणी का महत्त्वाची, याचं ठळक उदाहरण १७ एप्रिल २०१८ चं. साउथवेस्टच्या बोइंग ७३७ च्या इंजिनातलं पंख्याचं एक पातं मुळाशी तुटलं, तुकड्यांनी खिडकी फुटली आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने निष्कर्ष काढला की डव्हटेलमध्ये फटीगचा तडा होता, आणि तिथला ताण अपेक्षेपेक्षा जास्त होता. याचं खापर नुसत्या फ्रेटिंगवर फोडणं चूक ठरेल. पण या मुळांवर आवरण असतं, त्यांना ठरावीक काळाने पुन्हा वंगण द्यावं लागतं, आणि ती वेळ पाळण्यावर इतका भर का असतो, ते पायरी ३ मधल्या घर्षणाच्या गोष्टीवरून कळेल. मूळ कोरडं पडलं की पातं खाचेत नीट सरकून बसत नाही, आणि कडेवरचा ताण वाढतो.

पायरी ६: थांबवायचं कसं

उपाय मोजके आहेत आणि प्रत्येकाला दुसरी बाजू आहे.

पहिला विचार येतो जास्त आवळण्याचा. हालचालच बंद झाली तर प्रश्नच मिटला. काही वेळा खरंच मिटतो. पण हालचाल पूर्ण बंद न होता पूर्ण सरकेतून अर्धवट सरकेत आली, तर तुम्ही झीज कमी करून फटीग वाढवलंत. सांध्याचं एकूण आयुष्य जास्त आवळल्याने बहुतेकदा सुधारतंच, कारण भोकावरचा भार कमी होतो. मात्र तडा कुठे निघेल ती जागा बदलते. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा मॅन्युअलमध्ये आहे तोच ठेवावा, ‘थोडं जास्त बरं’ असं करू नये.

दुसरा विचार घर्षण कमी करण्याचा. पत्र्यांच्या मध्ये पॉलीसल्फाइड सीलंट लावून जोडणी ओलीच करतात. ते ओलावा बाहेर ठेवतं आणि धातूला धातू थेट टेकू देत नाही. टायटॅनियमच्या डव्हटेलवर तांबे-निकेल-इंडियमचा फवारलेला थर आणि त्यावर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचं कोरडं वंगण अशी जोडी वापरतात. वंगण झिजतं, हे मात्र लक्षात ठेवायचं. आवरण लावलं म्हणजे काम संपलं असं नसतं, ते किती उरलंय हे बघत राहावं लागतं. आणि जिथे भार घर्षणानेच न्यायचा आहे, त्या सांध्यात घर्षण कमी करणं म्हणजे तो भार फास्टनरवर आणि भोकावर टाकणं.

तिसरा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: तडा जन्मणार हे मान्य करा आणि त्याला वाढू देऊ नका. शॉट पीनिंगमध्ये बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठाखाली मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाइतक्या खोलीत दाबाचा ताण कोंडून ठेवतात. लेझरने केलेलं पीनिंग मिलिमीटरभर खोल जातं. तडा फुटतो, पण त्याचं तोंड दाबून धरलेलं असतं. भोकांसाठी याचाच भाऊबंद म्हणजे कोल्ड एक्सपान्शन: भोकात चिरलेली बाही (पातळ नळी) घालून तिच्यातून जाड मँड्रेल, म्हणजे दांडा, ओढतात. भोक काही टक्के फुगतं, मग मागे येऊ पाहतं आणि स्वतःभोवती दाबाचं कडं तयार करतं. यातही पायरी ५ मधली गंमत आहेच. भोक इतकं मजबूत होतं की पुढचा तडा बरेचदा त्या कड्याच्या बाहेर, फ्रेटिंगच्या डागातून निघतो.

लगसाठी घट्ट बसणारा बुश (भोकात बसवायची धातूची नळी) घालतात. बुश भोकाला आतून सतत ताणून धरतो, त्यामुळे भार वरखाली झाला तरी भोकाच्या कडेला बदल कमी जाणवतो.

पायरी ७: हिशोब आणि चाचणी

डिझाइनच्या बाजूला जाणार असाल तर रुइझचा निकष आधी शिका. १९८४ मध्ये डव्हटेलच्या सांध्यांसाठी तो मांडला गेला. एका बिंदूवरचा पृष्ठाला समांतर ताण, तिथला आडवा घर्षणताण आणि तिथली सरक, या तिघांचा गुणाकार. जिथे तो सर्वांत मोठा, तिथे तड्याची शक्यता सर्वांत जास्त. याला भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे असं म्हणता येणार नाही, पण जागा ओळखायला उपयोगी पडतो. आयुष्याचा आकडा मात्र त्यातून काढू नका. त्यासाठी तडा किती वेगाने वाढतो याचा हिशोब लागतो.

प्रयोगशाळेत सपाट नमुन्याला दोन्ही बाजूंनी पॅड दाबून खेचतात. पूर्वी पुलाच्या आकाराचे, दोन पायांचे पॅड असत आणि दाब रिंगने देत. आता गोल पृष्ठाचे पॅड वापरून दाब आणि आडवा जोर वेगवेगळा ताब्यात ठेवता येतो. निकाल वाचताना तीन गोष्टी विचारा: पॅडचा आकार काय, सरक अर्धवट होती की पूर्ण, आणि हवा कशी होती. निर्वातात ॲल्युमिनियमचं फ्रेटिंग आयुष्य स्पष्ट वाढतं, कारण ऑक्साइड आणि ओल यांचा हातभार नसतो. या तीन उत्तरांशिवाय दोन आलेखांची तुलना व्यर्थ.

पायरी ८: एका रिव्हेटकडे बघताना रांग विसरू नका

२८ एप्रिल १९८८ ला अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चा वरचा पत्रा उड्डाणात उघडला गेला आणि एक हवाई सेविका दगावली. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती. लॅप जॉइंटची चिकट जोडणी सुटली होती, गंज लागला होता, भार रिव्हेटवर आला होता, आणि काउंटरसिंकच्या (रिव्हेटचं डोकं पत्र्यात सपाट बसावं म्हणून केलेल्या खोलगट भागाच्या) सुरीसारख्या धारदार कडांतून रांगेतल्या अनेक भोकांना तडे गेले होते. एकेक तडा लहान होता. ते जोडले गेले तेव्हा प्रलय झाला. फ्रेटिंगही असंच वागतं: रांगेतल्या सगळ्या रिव्हेटवर जवळपास सारखी परिस्थिती असते, म्हणून तडेही साधारण एकाच सुमारास निघतात. यालाच अनेक जागी एकदम झालेलं नुकसान म्हणतात आणि तपासणीच्या मुदती ठरवताना याची भीती सर्वांत जास्त असते.

म्हणून नोंद करताना ‘रिव्हेट सैल, बदलला’ एवढं लिहून थांबू नका. कितवा रिव्हेट, कुठली रांग, शेपटी कुठल्या दिशेला, शेजारच्या चार-पाचांची अवस्था काय, सगळं लिहा. सैल रिव्हेट आपला भार शेजाऱ्यांवर टाकत असतो, आणि तो किती काळ सैल होता ते कुणालाच ठाऊक नसतं. नवा बसवल्यावर काही उड्डाणांनी परत जा. काळं कडं पुन्हा दिसलं, तर कापड काढण्याआधी भिंग लावून बघा, ते नव्या रिव्हेटखालून आलंय की त्याच्या शेजारच्या जुन्याखालून.